तिचा फोटो तोच माझा

वसमतला आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहिलो, त्या बाईंनी खोल्या देण्याआधी आम्हाला पगार विचारला नाही, किती माणसं राहणार तेही विचारलं नाही. त्या ओसरीवर सूप पुढे घेऊन हळकुंडं निवडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बेणं कुठलं अन माती कुठली?"

तुमचे आजोबा माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. मग बाईंनीच उलगडा केला. हळदीचा जो कंद पुढच्या वर्षी लावायला राखून ठेवतात, तो म्हणजे बेणं. माणसाचं बेणं म्हणजे त्याचे आईबाप. आणि माती म्हणजे तो जिथे वाढला ते घर, ते गाव, तिथलं खाणंपिणं, तिथले कष्ट. मी सांगितलं की आईवडील पुण्याचे, पण मी वाढले हैदराबादला, शिकले मिशनच्या शाळेत, इंग्रजीतून. त्यांनी एक हळकुंड कानाजवळ नेऊन मोडलं, त्याचा आवाज ऐकला आणि निकाल दिला.

"बेणं पुण्याचं, माती हैदराबादची. बोलणं कमी, टापटीप जादा. चालतंय. या ऱ्हायला."

परवा फोनवर तुम्हा नातवंडांतल्या थोरलीने मला विचारलं की माणूस जन्मानेच घडून येतो की परिस्थिती त्याला घडवते. तिच्या वर्गात त्यावरून मोठा वाद झाला म्हणे. मी म्हटलं, सवडीने लिहून कळवते. या विषयावर माझं स्वतःचं असं काही मत नाही. माझ्याजवळ फक्त या बाई आहेत. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, आम्हीही म्हणत असू.

अक्कांचे यजमान मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळदीचे अडते होते. ते लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. कालव्याच्या कडेला थोडं शेत आणि भाड्याच्या खोल्या, एवढ्यावर त्या राणीसारख्या राहत. विधवा होत्या, तरी कपाळ सोडून बाकी सगळं अंग हळदीचं होतं. हात पिवळे, नखं पिवळी, चष्म्याच्या काड्यासुद्धा पिवळ्या. त्यांच्या घरातून येणारं पाच रुपयांचं नाणंही आम्ही वासावरून ओळखत असू.

बेणं की माती, हा त्यांचा प्रश्न माणसांपुरता नव्हता. दूध पातळ आलं की गवळ्याला त्या ओसरीवरून म्हणत, "म्हशीचं बेणं झकास हाय रे, पर माती नळाची लागली तिला." तुमच्या आईला चौथीत गणितात अगदीच कमी गुण पडले, तेव्हा मी डोकं धरून बसले होते. अक्का म्हणाल्या, "बाई, तुमाला तरी कुठं हिशोब येतो? बेणं तुमचं. आता माती तरी माझी घालून बघू." रोज संध्याकाळी त्या तिला हळकुंडांच्या ढिगापुढे बसवत. जाडी वेगळी, बारकी वेगळी, इतक्याची एक पिशवी, इतक्या पिशव्यांचं एक पोतं. सहा महिन्यांत भागाकार आला. आज तुमची आई तिकडे आकड्यांवरच पोट भरते, त्यातलं निम्मं श्रेय वसमतच्या एका ओसरीला आहे. हे तिला विचारा, ती कबूल करील.

त्या काळात वसमत परभणी जिल्ह्यात होतं. पुढे हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा चौकात फटाके फुटले. अक्का दारात उभ्या राहून ते बघत होत्या. म्हणाल्या, "सरकारनं जिल्हा बदलला. माती थोडीच बदलती."

एसटीत त्या कायम ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसत आणि त्याला खड्डे दाखवत. "डावीकडनं घे, डावीकडनं. फुडं मोठा हाय." ड्रायव्हर तरुण असला तर ऐकायचा, जुना असला तर हात जोडायचा.

त्यांच्या बैठकीत भिंतीवर एक फोटो होता. इरकली लुगडं, कपाळावर पदर, चेहऱ्यावर किंचित घाबरलेपण. मी कितीतरी दिवस तो अक्कांचाच समजत होते. फक्त एक खटकायचं, की अक्का कशाला घाबरल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. एक दिवस शिरड शहापूरहून त्यांची बहीण आली आणि मी चहाचा कप हातात धरून दारातच थांबले. तोच चेहरा, तेच नाक, हसताना वर जाणारी तीच डावी भुवई. या दोघी जावळ्या, म्हणजे जुळ्या. अक्का घटकाभराने थोरल्या. आणि भिंतीवरचा फोटो होता या बहिणीचा.

"जत्रंत काढला व्हता," अक्का म्हणाल्या. "तिचा काढला तोच माजा. दोन काढून काहून उधळपट्टी करायची?"

शिरडच्या मावशींचं सासर शेतकऱ्याचं, जोडीला मेंढरं. सहा लेकरं. त्या दिवसभर रानात, अक्का दिवसभर ओसरीवर. तरी अक्कांचा हिशोब पक्का होता, की एकीचं जे खरं तेच दुसरीचं. शिंपी ज्या बहिणीला गाठेल तिची मापं घेऊन दोघींची पोलकी शिवायचा. डोळ्यांच्या शिबिरात अक्कांनी एकट्याने डोळे तपासून घेतले आणि त्या नंबरचे दोन चष्मे केले. मावशींनी चष्मा लावला आणि लांबवरच्या झाडावरचे बगळे मोजून दाखवले. त्या दिवसापासून अक्कांना या बाबतीत समजवण्याची सोय राहिली नाही.

एका गोष्टीत मात्र त्या बहिणीला बरोबरीचं मानत नसत. दर वर्षी त्या स्वतःच्या शेतातलं बेणं शिरडला पाठवत आणि दर वर्षी तिकडची हळद आली की ती हुंगून म्हणत, "बेणं माजंच. पर शिरडची माती ती शिरडचीच. वसमतचा रंग कुठून येणार?" हेच त्या भाच्यांबद्दलही बोलत. धाकटा भाचा मेंढरं वळायचा आणि घरातही माळावर असल्यासारखा बोलायचा. तो आला की अक्का कानावर हात ठेवायच्या. "काय करावं, बेणं आमचंच हाय. मातीनं घात केला." मावशी पदरात हसत.

आता मी ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

एका संक्रांतीला, मी शिकवत होते त्या महाविद्यालयातल्या आम्ही बायकांनी हळदीकुंकू ठेवलं आणि नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंना बोलायला बोलावलं. अक्का पहिल्या रांगेत येऊन बसल्या. कुणीतरी कुजबुजलं की यांना कसं काय बोलावलं. अक्कांनी ते ऐकलं. "हळद माज्या शेतातली, म्हंजी समारंभ बी माजाच," एवढंच म्हणाल्या आणि वाणाची वाटी मांडीवर घेऊन बसल्या.

डॉक्टरीणबाई स्तनाच्या कर्करोगावर बोलल्या. वसमतमध्ये तोवर तो शब्द कुणी चारचौघांत उच्चारला नव्हता. "छातीत गाठ" म्हणत, तेही स्वयंपाकघरात. नांदेडला आता एक मशीन आलंय, त्यात छातीचा फोटो निघतो आणि हाताला लागत नाही एवढी गाठही दिसते, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या की या फोटोत काही बायकांचं आतलं अंग दाट, पांढरं दिसतं आणि काहींचं विरळ, काळपट. दाट असेल तर धोका थोडा जास्त, शिवाय गाठही पांढरीच, त्यामुळे ती त्या पांढऱ्यात लपते. आणि हा दाटपणा बराचसा आईकडून, घराण्यातून येतो.

अक्कांनी हात वर केला. "बेणं किती अन माती किती?"

बायका हसल्या. मी डॉक्टरीणबाईंना अर्थ समजावून दिला. त्यांना तो प्रश्न फारच आवडला. म्हणाल्या, "दोन्ही आहे. बाळंतपणं, अंगावर पाजणं, वय, वजन, राहणी, या सगळ्याने ते अंग बदलतं. किती बेणं आणि किती माती हे आम्हालाही अजून नीट सांगता येत नाही. त्यासाठी तर जुळ्या बहिणींचे फोटो शेजारी शेजारी लावून बघतात. एकाच बीजातून फुटलेल्या जुळ्या असतील तर फोटो पुष्कळ सारखे येतात."

अक्का एकदम ताठ बसल्या. पुढचं त्यांनी काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

कार्यक्रम संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं, घरात कुणाला झाला होता का. अक्का म्हणाल्या, "आईला." एवढा लहान शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांची आई वर्षभर पदराखाली गाठ झाकून हिंडली होती. कुणाला दाखवली तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग तुम्ही या महिन्यातच फोटो काढून घ्यायचा. अक्का तत्काळ "येते" म्हणाल्या. इतक्या लगेच त्या कुणाचंच ऐकत नसत, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण मला आनंदच झाला. मी दिवस ठरवला, सोबत जायचंही ठरलं.

जायच्या दिवशी अक्का म्हणाल्या, मोंढ्यात काम आहे, तुमी स्टँडवर या, मी तिथंच गावते. थंडी चांगलीच होती. नांदेडची एसटी औंढ्याकडून, शिरडवरून भरून आली. बघते तर अक्का आधीच आत, मागच्या बाकावर खिडकीला, त्यांचं नेहमीचं हिरवं इरकली लुगडं, डोक्यावरून शाल, पदर नाकापर्यंत. मला खूण करून त्यांनी सांगितलं की घसा बसलाय. मला पुढे जागा मिळाली. सबंध रस्ता त्यांनी ड्रायव्हरला एक खड्डा दाखवला नाही. आपली भाकरी मोडून शेजारच्या बाईच्या रडत्या पोराला दिली. मला वाटलं, बिचाऱ्या धास्तावल्यात.

तपासणी केंद्रात खिडकीमागे एक चुणचुणीत मुलगी होती. तिने नाव विचारलं, वय विचारलं. उत्तरं बरोबर आली. मग तिने विचारलं, "आजी, लेकरं किती?"

"सहा," अक्का म्हणाल्या.

मी चमकून बघितलं. मुलगी लिहीत होती. "अंगावर पाजलं का?"

"व्हय, समद्यांना. धाकटं तर लवकर सोडायलाच तयार न्हाई."

माझी नजर खाली गेली. अक्कांचे पाय मऊ होते, ओसरीचे पाय. हे पाय भेगाळलेले होते, त्या भेगांत काळी माती होती. मी हलकेच म्हटलं, "मावशी?"

मावशींनी पदर खाली केला आणि एकदम मोकळा श्वास सोडला. "बाई, रागाला जाऊ नका. अक्का म्हणली, डॉक्टरीणच बोलली की जावळ्यांचे फोटो सारखे येतात. चष्म्याचा नंबर लागला तसं हे बी लागंल. पर मला खोटं बोलायचं जमंना, म्हणून तोंड बांधून आले."

डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या. सगळं ऐकून त्या इतक्या हसल्या की खुर्चीत बसून डोळे पुसावे लागले. मग एकदम थांबल्या. म्हणाल्या, "आई यांचीही तीच ना? मग यांचाही फोटो काढू, पण यांच्याच नावाने. आणि थोरल्या बहिणीला घेऊन या. एकीच्या फोटोवर दुसरी मोकळी होत नाही. बेणं एक असलं तरी यांची सहा बाळंतपणं झाली, त्यांचं एकही नाही. यांचा जन्म रानात गेला, त्यांचा बसून. शेत वेगळं आहे."

मावशींचा फोटो स्वच्छ आला. येताना बसमध्ये त्यांनी मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावलं.

"म्हंजी अक्काच बोलती तेच डॉक्टरीण बोलली," त्या म्हणाल्या. "मंग तिचंच तिला देऊ. जरा हळद निघू द्या."

वसमतच्या स्टँडवर अक्का पेढ्यांचा पुडा घेऊन उभ्या होत्या. निकाल ऐकताच त्यांनी कंडक्टरलासुद्धा पेढा दिला. "माजा फोटो साफ आला," असं त्या आल्यागेल्याला सांगत होत्या. आठवडाभर मी त्यांच्याशी वाद घातला. पुस्तकातलं सांगितलं, घाबरवून बघितलं, अबोलासुद्धा धरला. अबोल्याचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही, कारण दोघींच्या वाटचं त्या एकट्याच बोलत.

मग एका सकाळी मावशी शिरडहून आल्या. हातात फडक्याची पुरचुंडी. अक्कांकडेही त्याच आठवड्यात हळदीची काढणी चालू होती, ओसरीवर ओल्या कंदांचा ढीग होता. मावशी ढिगाशेजारी बसल्या. पुरचुंडीतला एक कंद काढला, विळीवर कापला. मग अक्कांच्या ढिगातला एक घेतला आणि तोही कापला. दोन्ही फोडी ताटलीत शेजारी शेजारी ठेवल्या.

"अक्का, बेणं कुणाचं?"

"दोन्हीचं माजंच," अक्का म्हणाल्या.

"रंग कुणाचा चांगला?"

"ते काय इचारायचं? माजी बघ कशी केशरी हाय. तुजी फिकी."

"एकाच बेण्याची ना? मंग दोन रंग काहून?"

अक्का एकदा या फोडीकडे, एकदा त्या फोडीकडे बघायला लागल्या. मी माझ्या दारात वह्या तपासायचं सोंग करत उभी होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते मला अजून दिसतं. 'मातीमुळे' म्हणावं तर नांदेडला जावं लागतं. न म्हणावं तर शिरडची हळद वसमतच्या बरोबरीची ठरते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्याच तराजूत बसावं लागलं होतं.

त्यांनी आपली फोड उचलली, हुंगली, परत ठेवली. मग अगदी हळू म्हणाल्या, "अन दिसलं तर गं?"

"दिसलं तर काढू," मावशी म्हणाल्या. "आईचं दिसूच दिलं न्हाई, म्हणून ऱ्हायलं."

त्या दिवशी ओसरीवर कुणाचं बेणं निघालं नाही, कुणाची माती निघाली नाही. गवळीसुद्धा दोनदा डोकावून गेला.

दुसऱ्या दिवशी दूध यायच्या आत माझ्या दारावर थाप पडली. अक्का लुगडं नेसून, पिशवी घेऊन तयार होत्या. "चला नांदेडला. आज मीच हाय. पाय बघून घ्या पायजे तर."

बसमध्ये त्यांनी ड्रायव्हरला सगळे खड्डे दाखवले, नसलेलेही दाखवले. खिडकीमागच्या त्याच मुलीने विचारलं, "आजी, लेकरं किती?" अक्का भिंतीकडे बघून म्हणाल्या, "न्हाईत."

डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या फिल्मा उजेडाच्या पेटीवर शेजारी लावल्या आणि मलाही आत बोलावलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण तेवढं कळलं. एकाच साच्यातून काढल्यासारखे दोन ढग. तीच गोलाई, त्याच रेघा. फक्त मावशींचा ढग विरळ झालेला, मधून मधून काळं आभाळ दिसणारा. अक्कांचा दाट, भरलेला. आणि त्या पांढऱ्यात, एका कडेला, आणखी पांढरा असा एक ठिपका.

अक्का त्या ठिपक्याकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आईची लिंबाएवढी व्हती. माजी केवढी?"

"ज्वारीच्या दाण्याएवढी."

"मंग काढा," अक्का म्हणाल्या. जशी शेतातली तणाची काडी दाखवावी तशा.

पुढचे महिने सोपे नव्हते, पण ते रडके होते असंही मला आठवत नाही. सुईने तपासून झालं, खात्री झाली, ऑपरेशन झालं, पुढचे उपचार औरंगाबादला झाले. अक्कांनी जाताना मला निक्षून सांगितलं होतं की शिरडला त्रास द्यायचा नाही, ती लेकरं आपल्या कामाची नाहीत. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी बघते तर दवाखान्याच्या पायऱ्यांवर सहाच्या सहा भाचरं बसलेली. थोरलीने लागलीच अक्कांची वेणी घातली. मधल्यांनी पाळ्या लावून घेतल्या, कोण कधी थांबणार, कोण जेवण आणणार. आणि धाकटा, तो मेंढरांवाला, ऑपरेशन झाल्यावर दूध घेऊन आला. सगळा वॉर्ड हादरेल अशा आवाजात त्याने दारातूनच विचारलं, "थोरल्या आई, शेळीचं चालंल का गाईचं आणू?" नर्सबाई धावत आल्या. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. आणि अक्का, भूल नुकती उतरलेली, डोळे मिटूनच हसल्या. म्हणाल्या, "शेळीचं. अन हळू बोल रं, मी माळावर न्हाई."

ऑपरेशन आणि औरंगाबादचे उपचार यांच्या मधल्या काळात त्या डॉक्टरीणबाईंशी भांडल्याही. हा ठिपका नक्की मातीने आला की बेण्याने, ते त्यांना लेखी पाहिजे होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की एका माणसापुरतं असं कुणालाच सांगता येत नाही. लेकरं नसलेल्या कितीतरी जणींना काही होत नाही आणि असलेल्या कितीतरी जणींना होतं. यात तुमची चूक काढू नका आणि कुणाला काढूही देऊ नका. अक्कांनी ते ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "हळद जमिनीखाली असती, बाई. पानावरून कितीबी अंदाज बांधा. खणल्याबिगर काय कळंत न्हाई."

बऱ्या होऊन आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते भिंतीवरचा जत्रेतला फोटो मावशींना परत देण्याचं. त्याच्याऐवजी दोघींच्या फिल्मा लावल्या, खिडकीच्या गजांना, दोरीने, सूर्य मागे येईल अशा. मोंढ्यातली माणसं भाड्याचं बोलायला आली की त्यांना काय बघतोय ते कळायचं नाही. सांगितलं की ती बावचळून अंगणात जाऊन उभी राहायची. बायकांना मात्र अक्का हाताला धरून आत आणत. "ही शिरडची, ही मी. बेणं बघा कसं एक हाय. अन ही माती. अन ह्यो ठिपका. आता सांग, तुजी आई कशानं गेली?" गल्लीतली एकही बाई त्या खिडकीतून सुटली नाही. पुढच्या वर्षभरात नांदेडच्या सकाळच्या एसटीत वसमतच्या बायका इतक्या दिसायला लागल्या की कंडक्टर विचारायचा, आज कुणाचं लग्न आहे.

दर वर्षी हळद निघाली की दोघी बहिणी मिळून तपासणीला जात. एकसारखी लुगडी, एकसारखे चष्मे, एका पिशवीत भाकरी. आम्ही वसमत सोडलं त्या वर्षी मीही त्यांच्यासोबत शेवटची गेले. खिडकीमागे नवीन मुलगी आली होती. तिने आधी मावशींना विचारलं, लेकरं किती. मावशी म्हणाल्या, सहा. मग तिने अक्कांना विचारलं.

"सहा," अक्का म्हणाल्या.

मुलीने वर बघितलं. "दोघींना पण सहा-सहा?"

"सहा-सहा न्हाई गं. समदे मिळून सहा. बेणं एकच हाय, मंग लेकरं येगळी कशी व्हतील?"

मागून डॉक्टरीणबाई येत होत्या. त्या थबकल्या. म्हणाल्या, "रक्ताच्या हिशोबाने बघितलं तर या काही चुकीचं बोलत नाहीत." पण मला टापटीप लागते, तुम्हाला माहीतच आहे. मी मुलीला हळूच म्हटलं, यांच्यापुढे शून्य लिही. अक्कांनी ते ऐकलं. मला वाटलं, दुखावल्या.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "कागदावर माती लिवा. बेणं माज्याजवळ हाय."

दोघींचे फोटो स्वच्छ आले. परतीच्या बसमध्ये अक्का ड्रायव्हरच्या मागे बसल्या आणि शहर सुटायच्या आतच त्यांनी त्याला दोन खड्डे दाखवले. शेजारी एक बाई बसली होती, गप्पिष्ट. तिने गाव विचारलं, शेत विचारलं, आणि मग, जसं सगळेच विचारतात तसं, लेकरं किती म्हणून विचारलं. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"सहा," अक्का म्हणाल्या. "समदी चांगली हायत. फकस्त धाकटा बोलाय लागला की आपल्याला जरा लांब हुबं ऱ्हावं लागतं."